वर पाठवलंय

भाची बँकेत लागली. प्रोबेशनरी ऑफिसर. पेढे द्यायला सांगलीला आली आणि पहिला पेढा माझ्या तोंडात असतानाच तिनं मोबाईल पुढे धरला. "मावशी, लीडरशिपवर तीन टिप्स दे. रेकॉर्ड करतेय."

मी हातानंच थांब म्हटलं. पेढा खाऊन होईपर्यंत काहीतरी सुचेल असं वाटलं होतं, ते सुचलं नाही. १९८६ साली याच सांगलीत मी ऑफिसर म्हणून रुजू झाले आणि २०२२ साली विभागप्रमुख म्हणून बाहेर पडले. निरोपसमारंभात माझ्या नेतृत्वगुणांवर चार जण बोलले. त्यातले दोघे माझ्यावर कित्येक वर्षं रुसलेले होते, पण शाल-श्रीफळाच्या दिवशी कुणी तसं दाखवत नाही. एवढं सगळं होऊनही टिप म्हणून सांगावं असं एकही वाक्य आठवेना. कानात वाजत राहिलं ते भलतंच. "वर पाठवलंय."

कर्जासाठी बँकेची पायरी चढला असाल तर तुम्हीही ते ऐकलं असेल. "काय झालं साहेब आमच्या प्रकरणाचं?" "वर पाठवलंय." या वाक्याला कर्ता नाही. कुणी पाठवलं, कुणाकडे, कधी, काय लिहून, यातलं काहीच त्यात नसतं. ऐकणाऱ्याला वाटतं प्रकरण हललं, बोलणाऱ्याची मान सुटते. मी पाहिलंय, 'वर' म्हणताना माणूस नकळत पंख्याकडे बघतो. पंखा बिचारा फिरत असतो.

माझे पहिले मॅनेजर कोकणातले. सांगलीच्या उन्हाला आणि तिखटाला कायम वैतागलेले. आम्ही त्यांना नुसतं साहेब म्हणायचो. दुसऱ्याच महिन्यात मी माझी पहिली कर्जाची नोट लिहिली. एका किराणा दुकानदाराचं कॅश क्रेडिट, म्हणजे धंद्यासाठी फिरतं कर्ज. तीन पानं. उलाढाल, तारण, जामीनदार, सगळं नेटकं. आणि शेवटी जुन्या फायली बघून शिकलेली ओळ : 'योग्य त्या निर्णयासाठी सादर.' साहेबांनी तीनही पानं वाचली, त्या ओळीखाली लाल रेघ ओढली आणि फाइल माझ्याकडे सरकवली.

"मॅडम, दुकान कोणी बघितलं?"

"मी."

"दुकानदाराशी कोण बोललं?"

"मीच."

"मग निर्णय मी कशाच्या जोरावर घेऊ?"

"सर, अधिकार तुमचा आहे..."

"अधिकार माझा. मत तुमचं. द्या म्हणा, नाहीतर देऊ नका म्हणा. चुकलो तर दोघं मिळून चुकू."

'कर्ज द्यावे' एवढे दोनच शब्द लिहायचे होते. पण ते लिहायचे म्हटल्यावर मी दुपारी पुन्हा त्या दुकानावर गेले. पहिल्या वेळी मी कागद घेऊन गेले होते, म्हणून कागदात जे होतं तेच दिसलं. या वेळी तासभर नुसती उभी राहिले. गिऱ्हाइकं किती येतात, उधारीची वही किती वेळा निघते, पोरगं गल्ल्याला हात लावतं का. मत द्यायचं आहे म्हटल्यावर डोळे वेगळे उघडतात. परत येऊन 'कर्ज द्यावे' लिहिलं, आणि रक्कम मात्र मागितली होती त्यापेक्षा कमी सुचवली. उधारीची वही जरा जास्तच वेळा निघाली होती.

पुढच्या उन्हाळ्यात साहेब मला हरिपूरला घेऊन गेले. सांगलीबाहेरच्यांसाठी सांगते. हरिपूर सांगलीला लागूनच. कृष्णा-वारणेचा संगम, संगमेश्वराचं देऊळ आणि हळदीची पेवं. पेव म्हणजे जमिनीतलं कोठार. वर माणूस उतरेल एवढंच तोंड, आत रांजणासारखं फुगलेलं पोट. तिथल्या मातीचा गुण असा की हळद आत वर्षानुवर्षं राहते, कीड लागत नाही. तोंड झाकून मातीनं लिंपून टाकायचं. आणि एकदा पेव फोडलं की सगळं रिकामंच करायचं, अर्धं काढून पुन्हा बंद केलं असं चालत नाही. ही गोष्ट बँकेच्या फार अडचणीची. तारण ठेवलेला माल अधूनमधून तपासायचा असतो. इथं तपासायला उघडलं की तारणच मोडलं.

"मग भरतानाच बघायचं," साहेब म्हणाले.

एका व्यापाऱ्याचं पेव भरलं जात होतं. आम्ही सकाळपासून एका पोत्यावर बसून पोती मोजली. हमाल पोतं आणायचा, तोंडाशी रिकामं करायचा, साहेब वहीत उभी रेघ मारायचे, पाचवी आडवी. मध्येच एखाद्या पोत्यात हात घालून हळकुंड काढायचे आणि मोडून बघायचे. चांगलं वाळलेलं हळकुंड कट्‌कन मोडतं. दुपारपर्यंत त्यांचा पांढरा शर्ट, माझी साडी, डब्यातल्या पोळ्या, सगळं पिवळं. 

पलीकडे दुसरं एक जुनं पेव त्याच सकाळी फोडलं होतं, पण आत कोणी उतरत नव्हतं. बंद पेवातली हवा माणूस मारते, ती निघून जाऊ द्यावी लागते. हमाल सावलीत तंबाखू मळत बसलेले. शेठ घाई करत होता, त्याचा ट्रक उभा होता. मुकादम त्याला म्हणाला, "दोन तास लागतील शेठ. कंदील सोडून बघणार, जळत राहिला तर माणूस उतरवणार." मग खरंच दोरीला कंदील बांधून आत सोडला. सगळे वाकून बघत होते, शेठसुद्धा. कंदील जळत राहिला.

आमच्या व्यापाऱ्यानं मागितलेली रक्कम साहेबांच्या अधिकारात बसत नव्हती. पेवाच्या तोंडाशीच साहेब त्याला म्हणाले, "माझ्या अधिकारात आहे तेवढं परवा खात्यावर. उरलेलं वर पाठवतो, आणि द्यावं असं लिहूनच पाठवतो. पुढच्या शुक्रवारी चार वाजता या. हो आलं तर हो सांगीन, नाही आलं तर नाही. काहीच आलं नाही तर तुमच्यासमोर वर फोन लावीन."

शुक्रवारी फोनच लावावा लागला. व्यापारी समोर बसलेला, साहेब रिसीव्हर कानाला लावून उभे. उत्तर आलं, नाही. साहेबांनी ते कारणासकट त्याला सांगितलं. तो चहा प्यायला, म्हणाला, "बरं झालं साहेब, आजच कळलं. दुसरीकडं बघतो," आणि गेला. नाही ऐकूनही माणूस चहा पिऊन जाऊ शकतो, हे मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. 

(आता हरिपुरात तशी पेवं फारशी वापरत नाहीत. २००५ च्या महापुरात बऱ्याच पेवांत पाणी शिरलं, माल गोदामांत आणि कोल्ड स्टोरेजमध्ये जाऊ लागला. २०१८ साली सांगलीच्या हळदीला जीआय मानांकन मिळाल्याची बातमी वाचली, तेव्हा मला आधी साहेबांची ती उभ्या-आडव्या रेघांची वही आठवली.)

इतकं सगळं जवळून बघितलेल्या माणसानं पुढे काय करावं? मी काय केलं ते सांगते.

१९९८. सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी शाखेची मॅनेजर झाले. शाखेची पहिली बाई मॅनेजर. त्या भागात आल्याचं पीक मोठं. आल्याला बियाण्याचाच खर्च फार, आणि लागण मे-जूनमध्ये उरकावी लागते. एप्रिलमध्ये एक शेतकरी पीककर्जाला आला. वागायला अतिशय नम्र, जुनी बाकी काही नाही, रान चांगलं. अडचण एकच. सातबारा सामाईक. भाऊ मुंबईला बाजारात माथाडी, आणि दोघांचं बोलणं बंद. भावाच्या सहीशिवाय प्रकरण होणार नव्हतं. हे मला पहिल्या दिवशी, पहिला कागद उलटताच कळलं होतं.

मी ते त्याला सांगितलं नाही. आज विचार केला की कारण सापडतं, आणि ते मोठं लाजिरवाणं आहे. मला गावात चांगली मॅडम व्हायचं होतं. आधीचे मॅनेजर खेकसायचे अशी त्यांची ख्याती होती, मला तसं व्हायचं नव्हतं. म्हणून मी त्याला खुर्ची दिली, चहा दिला, मुलांची चौकशी केली आणि म्हणाले, "बघते हं. वर पाठवते."

तो दर आठवड्याला येत राहिला. वीस किलोमीटर, एसटीनं. मी दर वेळी हसून "वर पाठवलंय" म्हणत राहिले. खरं सांगायचं तर फाइल कुठंही गेली नव्हती. माझ्या मागच्या गोदरेजच्या कपाटात वरच्या कप्प्यात होती. एवढ्या अर्थानं मी खोटं बोलत नव्हते.

मग तो यायचा थांबला. मला सुटल्यासारखं वाटलं, हेही लिहून टाकते. ऑगस्टमध्ये एक दिवस आला, कर्जासाठी नव्हे, बायकोच्या बचत खात्यातले पैसे काढायला. लागण त्यानं केली होती, शेकडा पाचानं बाहेरून पैसे उचलून. शेकडा पाच म्हणजे महिन्याला, वर्षाचे साठ टक्के. मी म्हणाले, अहो, भावाची सही मिळाली असती तर झालं असतं. त्यानं माझ्याकडे बघितलं. आवाज अजिबात चढवला नाही.

"मॅडम, हे एप्रिलातच न्हाई का सांगायचं? मी मुंबईला जाऊन भावाच्या पाया पडलो असतो की. आता पाया पडून काय उपेग?"

तो गेल्यावर मी ते कपाट उघडलं. वरच्या कप्प्यात त्याच्या फायलीखाली आणखी अकरा फायली होत्या.

त्याच जिल्ह्यात, माण तालुक्यात म्हसवडला, थोडं आधी याच्या बरोबर उलट घडलं होतं. सामाजिक कार्यकर्त्या चेतना सिन्हा आणि गावातल्या कष्टकरी बायका बँक काढायला निघाल्या. रिझर्व्ह बँकेनं परवाना नाकारला आणि कारण स्पष्ट सांगितलं : प्रवर्तक बायकांना लिहिता-वाचता येत नाही. कारण कडूच होतं. पण कारण होतं, त्यामुळे त्याच्यावर काम करता आलं. बायका अक्षरं शिकल्या, परत गेल्या आणि रिझर्व्ह बँकेच्या साहेबांना म्हणाल्या, वाचता येत नसेल, हिशेब येतो. कुठल्याही रकमेचं व्याज विचारा, आम्ही तोंडी सांगतो. १९९७ साली माणदेशी महिला सहकारी बँक उभी राहिली. बँकेच्या प्रशिक्षणात ही गोष्ट स्त्रीशक्तीचं उदाहरण म्हणून सांगतात, तशी ती आहेच. मला मात्र त्यातला तो नकार महत्त्वाचा वाटतो. रिझर्व्ह बँकेनं "विचाराधीन आहे" एवढंच कळवलं असतं, तर त्या बायकांनी काय शिकायचं होतं?

आता बँकवाल्यांची बाजू. मत लिहायला माणूस घाबरतो ते उगाच नाही. कर्ज दिलं आणि बुडालं तर चौकशी लागते : कुणी शिफारस केली, जागेवर कोण गेलं, सही कुणाची. कर्ज दिलंच नाही तर त्यापायी एखाद्याचा हंगाम गेला, धंदा बसला, तरी मॅनेजरला कुणी मेमो देत नाही. मार्च २००४ पासून हप्ता नव्वद दिवस थकला की खातं एनपीए, म्हणजे अनुत्पादक कर्ज, धरतात. पीककर्जाला हंगामाप्रमाणे सवलत असते, बाकीच्यांना नाही. मग शहाणा अधिकारी 'निर्णयार्थ सादर' लिहितो आणि सुखानं निवृत्त होतो. 

मला मेमो मिळाला २००६ साली. मी 'द्यावे' लिहिलेलं एक पोल्ट्रीचं कर्ज. फेब्रुवारीत नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला बर्ड फ्लू सापडला आणि राज्यभर लोकांनी कोंबडी खायचं सोडलं. आमचा पोल्ट्रीवाला नवापूरपासून शेकडो किलोमीटर लांब, त्याची एकही कोंबडी आजारी नव्हती, पण विकणार कुणाला? हप्ते थकले. मला खुलासा विचारला. मी दोन पानं लिहिली. साहेब तेव्हा निवृत्त होऊन कोकणात गेलेले, त्यांना फोन केला. मला वाटलं धीर देतील. त्यांनी विचारलं, "नोटमध्ये काय लिहिलं होतं तेव्हा?" मी वाचून दाखवलं. "जे दिसलं ते लिहिलंय. मग झोपा आता," म्हणाले आणि आंब्याची पेटी कुठल्या पत्त्यावर पाठवू ते विचारत बसले. तो खुलासा मंजूर झाला, पण माझं प्रमोशन त्या वर्षी हुकलं. दोन्हीचा संबंध नव्हता असं मला सांगण्यात आलं. असेलही.

त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये युनायटेड वेस्टर्न बँकेवर निर्बंध आले. मी तेव्हा साताऱ्यात होते, दुसऱ्या बँकेत. सातारकरांना ती बँक म्हणजे घरातली वस्तू, १९३६ साली अण्णासाहेब चिरमुल्यांनी काढलेली. २ तारीख, ऐन गणपतीत. ठरावीक रकमेपुढे पैसे काढता येणार नव्हते. आरत्यांच्या आवाजात लोक शाखांसमोर उभे. माझ्या ओळखीचे एक अधिकारी तिथं होते. त्यांच्या हातात काहीही नव्हतं, अक्षरशः सगळं वरूनच ठरणार होतं. 'वर आहे' म्हणायचा हक्क कुणाला असेल तर त्या दिवशी त्यांना होता. पण ते काउंटरच्या बाहेर येऊन स्टुलावर बसले. येईल त्याला तीन गोष्टी सांगायचे : आज किती मिळतील, ठेवीच्या विम्याची मर्यादा १ लाख आहे, आणि पुढचं मला माहीत नाही, उद्या सकाळी दहाला मला जे कळलं असेल ते इथंच सांगीन. आणि ते रोज दहाला त्या स्टुलावर असायचे. ३ ऑक्टोबरला बँक आयडीबीआयमध्ये विलीन झाली, लोकांचे पैसे मोकळे झाले. ते अधिकारी नंतर मला भेटले तेव्हा म्हणाले, "महिनाभरात मला सगळ्यात जास्त शिव्या 'माहीत नाही' म्हटल्याबद्दल बसल्या. पण उठून कुणी गेलं नाही." 

पुढे मी विभागीय कार्यालयात गेले. म्हणजे खुद्द 'वर'. इतकी वर्षं पंख्याकडे बघून जिचा उल्लेख केला ती जागा कशी असते? एक लांब खोली, सहा टेबलं, फायलींचे गठ्ठे आणि दीड वाजता उघडणारे डबे. आणि त्या खोलीतले लोकही विचारलं की म्हणायचे, वर पाठवलंय. त्यांचं 'वर' मुंबईला होतं. मुंबईतल्यांचं बोर्डात. त्यापुढे कुठं, ते बघायला मी पोचलेच नाही.

गठ्ठे उपसायला घेतले. बहुतेक फायलींवर शाखेचं मतच नाही. मत नाही म्हणून इथले लोक क्वेरी काढून परत पाठवायचे. तीही एका वेळी एकच. जामीनदाराचा पगारदाखला नाही, एवढी क्वेरी. तो आला की आता व्हॅल्युएशन जुनं झालं, ही दुसरी. एक फाइल चार वेळा खाली-वर झालेली सापडली. तिच्यावर प्रत्येकानं आपापल्या दिवशी काम केलं होतं, सगळ्यांच्या सह्या वेळेत होत्या, आणि अर्जदाराला सात महिने उत्तर नव्हतं. दोषी कुणी सापडलाच नसता.

खरं तर नियम होता. रिझर्व्ह बँकेनं २००३ सालीच बँकांना बजावलं होतं की अर्जाची पोच द्या, अर्ज ठरावीक मुदतीत निकाली काढा आणि लहान कर्जदाराला नाकारताना मुख्य कारण लेखी कळवा. परिपत्रक आमच्याच फायलीत व्यवस्थित लावलेलं होतं.

मी केलं ते एवढंच. मत नसलेली फाइल त्याच दिवशी, न वाचता परत. क्वेरी काढायच्या तर सगळ्या एकदम. आणि नकाराच्या पत्रावर सही माझी. यावरून ते दोघे रुसले, निरोपाला भाषण करणारे. एक मॅनेजर तर म्हणाला, "मॅडम, तुम्ही शाखांना नाही म्हणायला शिकवताय, धंदा कसा वाढणार?" पहिल्या तिमाहीत आकडे खरंच खाली आले. वर उत्तर द्यावं लागलं. नंतर आले ते जागेवर, पण माझ्यामुळेच आले असं मी छातीठोकपणे सांगणार नाही. त्या वर्षी पाऊसही चांगला झाला होता.

भाचीला यातलं किती सांगितलं? थोडंच. तिचा मोबाईल मी पालथा ठेवायला लावला आणि बाकीच्या गोष्टी भराभर सांगितल्या. पासवर्ड कुणाला द्यायचा नाही, साहेबांनी मागितला तरी. पहिले सहा महिने हेड कॅशियरच्या शेजारी बस, शाखेत खरं कुणाला काय माहीत असतं ते तिथं कळतं. जेएआयआयबी, सीएआयआयबी या बँकवाल्यांच्या परीक्षा लग्नाच्या आधी उरकून घे. यावर तिनं डोळे फिरवले, तर म्हटलं, बरं, नंतर उरक. बदली खेड्यात झाली तर रडू नकोस. म्हाताऱ्या माणसाला एफडीच्या नावाखाली विमा विकायला लावतील, तेव्हा मात्र नाही म्हण. प्रमोशन एकदा मीही नाकारलं होतं, मुलगा दहावीला होता. त्याचं काही वाईट वाटत नाही, पण ते कारण मी मोठ्या साहेबांना खरं न सांगता तब्येतीचं सांगितलं, त्याचं वाटतं.

आणि त्या आल्याच्या शेतकऱ्याची गोष्ट सांगितली. ती ऐकून गप्प बसली. मग म्हणाली, "मावशी, तू त्याला नंतर कर्ज दिलंस ना?" 

पुढच्या एप्रिलात दिलं. भावाची सही त्यानं स्वतः जाऊन आणली होती. मी अर्ज घेताना तारीख लिहून दिली, आणि त्या तारखेला पैसे खात्यावर गेले. पैसे काढायला आला तेव्हा त्यानं चहा मात्र घेतला नाही.

गेल्या आठवड्यात रात्री भाचीचा फोन. शाखा लांबची आहे, जेवणाचे हाल आहेत, पण आवाज खुशीत होता.

"मावशी, आज मी एकाला नाही म्हटलं. तोंडावर. कारण सांगून. काय आणलं तर होईल तेही लिहून दिलं."

"शाब्बास. मग?"

"तो चिडला गं. तडक मॅनेजरच्या केबिनमध्ये गेला."

"मग मॅनेजर काय म्हणाले?"

पलीकडे जरा वेळ नुसता श्वास ऐकू आला. मग तिला हसू आवरेना.

"म्हणाले, बसा, चहा घ्या. वर पाठवतो."